क्लोरीन तर गेला, मग मासे का मरताहेत?

प्रश्न जळगावचा आहे. दोन फुटी काचेची नवी टाकी आणली, नळाचं पाणी भरलं, दुकानदाराने दिलेल्या निळ्या बाटलीतले क्लोरीन मारायच्या औषधाचे थेंब टाकले आणि त्याच संध्याकाळी सहा गोल्डफिश आणि दोन मॉली सोडल्या. तीन दिवस सगळं मजेत. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि मग रोज एखादा मासा जायला लागला. आता विचारणा अशी की निळं औषध कमी पडलं का, नळाचं पाणी सोडून बोअरचं किंवा जारचं वापरू का. शिवाय भावाने रावेरकडे शेतात सिमेंटचा हौद बांधलाय, त्यात गप्पी सोडायचे आहेत, त्याचं काय.

भाऊ, तुमचे मासे क्लोरीनने गेलेले नाहीत. क्लोरीनने जाणारा मासा पहिल्या काही तासांतच जातो. पिशवीतून सोडल्या सोडल्या तो टाकीभर सैरभैर पळतो, काचेवर आपटतो, मग वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतो. कल्ले फिकट पडतात, त्यांवर चिकट पांढरट थर येतो. तीन दिवस बरे जाऊन मग एकेक मासा तळाला बसणं, पर मिटून घेणं, कल्ले लालभडक होणं ही अमोनियाची खूण आहे. तुमचं खरं दुखणं तिथे आहे. तरी आधी पाण्याचं बोलू, कारण अमोनियाचा उपाय करायचा तर रोज पाणी बदलावं लागणार, आणि ते पाणी निर्धोक नसेल तर आगीतून फुफाट्यात.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, म्हणतं की नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा ०.५. माणसाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. माशाच्या कल्ल्यांना मात्र याच्या दहाव्या हिश्श्यानेही इजा होते. म्हणून माशासाठी क्लोरीन कमी असून भागत नाही, तो संपलेलाच लागतो.

यूट्यूबवर मत्स्यालयाचे जे व्हिडिओ आहेत ते बहुतेक चोवीस तास पाणी येणाऱ्या गावांचे आहेत. आपल्याकडे तसं नाही. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं ते दिवसाआड किंवा दोन दिवसांआड. धुळ्यात कुणाकडे तापीचं, कुणाकडे नकाणे तलावाचं, कुणाकडे डेडरगावचं, आणि दोन पाण्यांमधलं अंतर भागाभागाला वेगळं. त्यामुळे 'नळाचं पाणी' म्हणताना आपण खरं तर साठवलेल्या पाण्याबद्दल बोलत असतो. मी टाकी बसवायला गेलो की आधी तीनच गोष्टी विचारतो: पाणी कुठलं, कधी आलेलं आणि कशात ठेवलेलं. आज सकाळी मोटर लावून ओढलेलं पाणी आणि परवाचं उघड्या पिंपातलं पाणी ही माशाच्या दृष्टीने दोन वेगळी पाणी आहेत. जलकुंभाजवळच्या घरात क्लोरीन जास्त लागतो, शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत बराच खर्ची पडलेला असतो. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की मात्रा वाढवतात, नळाला सरळ वास येतो. गावाकडे ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते, तिचा तर अंदाजच बांधता येत नाही. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास उपलब्ध क्लोरीन असतो, पण पोतं उघडं राहिलं, दमट झालं की तो उतरत जातो. मग त्याच मापाने टाकलेली पावडर एका महिन्यात पुरत नाही आणि नवं पोतं फुटलं की तेच माप भारी पडतं. उन्हाळ्यातल्या टँकरचंही असंच. टँकर भरतानाच त्यात टीसीएल टाकलेली असते आणि दोन तासांत पाणी तुमच्या दारात. ते कधीच सरळ टाकीत ओतू नका.

क्लोरीन आहे की नाही हे नाकाने ओळखायचं नाही. वास येतो तेव्हा तो भरपूर असतो, पण वास नाही म्हणजे क्लोरीन नाही असं मुळीच नाही. गावात पाणी सोडणारा जी ओटी टेस्ट करतो तीच आपण करायची. क्लोरोस्कोप नावाचा छोटा डबा मिळतो. त्यातल्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ऑर्थोटॉलिडीनचे सांगितलेले थेंब टाकायचे, नळी हलवायची. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. शेजारच्या रंगपट्टीशी जुळवून किती ते कळतं. बघण्याची वेळ महत्त्वाची आहे. मोकळा क्लोरीन लगेच, दहा-पंधरा सेकंदांत रंग दाखवतो. पहिल्या नजरेला पाणी जेमतेम पिवळं आणि पाच मिनिटांनी रंग गडद झालेला दिसला, तर समजायचं की क्लोरीन अमोनियाशी जोडला गेलाय, म्हणजे क्लोरामाइन झालाय. आपल्याकडे मुद्दाम कुणी क्लोरामाइन करत नाही, पण नदीच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं असेल तर त्यातल्या अमोनियाशी क्लोरीनची गाठ पडून तो आपोआप तयार होतो. उन्हाळ्यात पात्र आटल्यावर आणि पहिल्या पुराच्या वेळी हे लक्षात ठेवा. ऑर्थोटॉलिडीन विषारी असतं, हाताला लागू द्यायचं नाही, नळीतलं पाणी टाकीत परत ओतायचं नाही, आणि बाटली पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवायची.

आता क्लोरीन काढायचा कसा. सगळ्यात जुना मार्ग म्हणजे पाणी रुंद तोंडाच्या टबात किंवा बादलीत चोवीस तास उघडं ठेवणं. त्यात एअर पंपाचा दगड सोडला तर काम लवकर होतं, ऊन लागलं तर त्याहून लवकर. झाकण लावलेल्या ड्रममध्ये किंवा गच्चीवरच्या बंद टाकीत मात्र हा हिशोब धरू नका. तिथे क्लोरीनला उडून जायला वाट नसते. आणि क्लोरामाइन असेल तर तो नुसता ठेवून जात नाही.

घाई असेल किंवा खात्री हवी असेल तर सोडिअम थायोसल्फेट. फोटो स्टुडिओवाले पूर्वी ज्याला हायपो म्हणायचे तेच हे पारदर्शक खडे. दुकानातल्या बहुतेक अँटीक्लोरिनच्या बाटल्यांत हेच असतं, पाणी किती आणि औषध किती ते तेवढं लिहिलेलं नसतं. निळा रंग हा फक्त रंग आहे. मी स्वतः लॅब केमिकल विकणाऱ्याकडून खडे आणतो आणि द्रावण घरी करतो: १० ग्रॅम खडे १०० मिली आरओच्या पाण्यात विरघळवायचे, गडद रंगाच्या बाटलीत भरायचे, वर तारीख लिहायची. एक मिलिग्रॅम क्लोरीन मारायला व्यवहारात साधारण सात मिलिग्रॅम हायपो धरतात. या द्रावणाच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम हायपो आहे. म्हणजे १० लिटर पाण्याला १ मिली टाकलं की लिटरमागे सुमारे १.४ मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन संपतो, आणि घरच्या नळाला एवढा क्लोरीन क्वचितच असतो. २० लिटरच्या बादलीला २ मिली, सुईविना सिरिंजने मोजून. ढवळलं, पाच मिनिटं थांबलं, पाणी तयार. चुकून दुप्पट पडलं तरी मासा मरत नाही, पण म्हणून बाटली उपडी करायचीही गरज नाही. हवी तर ओटी टेस्ट पुन्हा करा, पिवळेपणा दिसायला नको.

तुमची टाकी दोन बाय एक बाय एक फूट धरली तर एका घनफुटाला २८.३ लिटरच्या हिशोबाने ५७ लिटर होतात. तळाची रेती आणि वरचा रिकामा भाग वजा केला की हाती उरतं ४५ लिटरच्या आसपास पाणी. औषधाचा हिशोब नेहमी खऱ्या पाण्यावर करायचा, आणि शक्यतो औषध बादलीत टाकून मग ते पाणी टाकीत सोडायचं.

थायोसल्फेट क्लोरामाइनमधला क्लोरीन काढतो, अमोनिया मागे सोडतो. आणि माशांनी स्वतः केलेल्या अमोनियाला तर ते हातही लावत नाही. म्हणून निळी बाटली तुम्ही आणखी अर्धी ओतली असती तरी मासे वाचले नसते.

साठवणीचं थोडं सांगतो, कारण आपल्या घरांत पाणी जिथे जिथे भरलेलं असतं तिथे माशांच्या जिवावर बेतणारं काहीतरी असतंच. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी माणसाला चालतं, माशाला नाही. तांबं थोडं जरी उतरलं तरी गोगलगायी आणि झिंगे आधी जातात, मग मासे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून निवळलं असेल तर तेही नको, कारण तुरटीने पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, खाली येतो आणि ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसतं. गढूळ पाणी नुसतं ठेवून निवळू द्या, वरचं हलक्या हाताने काढा. आरोग्य खात्याची माणसं डेंग्यूच्या दिवसांत येऊन पिंपात ॲबेट, म्हणजे डासांच्या अळ्या मारायचं औषध, टाकून जातात. ते पाणी टाकीसाठी घेऊ नका, झिंगे पाळले असतील तर बिलकूलच नाही. माशांसाठी एक प्लास्टिकचा टब आणि एक बादली वेगळी ठेवा, ज्याला कधी साबण लागलेला नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कामवाल्या मावशी त्याच बादलीत फरशी पुसायचं फिनाइल कालवतात आणि त्यांचा त्यात काही दोष नसतो.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, म्हणून लोकांना वाटतं ते सुरक्षित. पण खोल बोअरमधून ताजं आलेलं पाणी ऑक्सिजनला गरीब आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेलं असतं. मासे सोडल्यावर धापा टाकतात. तेही रात्रभर एअर पंपावर ठेवूनच वापरायचं. शिवाय आपला सगळा पट्टा काळ्या पाषाणाचा आणि तापीच्या गाळाचा, पाणी बहुतेक ठिकाणी जड. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच पुरावा. जड पाणी म्हणजे वाईट पाणी नव्हे. मॉली, गप्पी, प्लॅटी, गोल्डफिश यांना ते मानवतं. निऑन टेट्रा किंवा डिस्कसला मानवत नाही, आणि ते मासे आणून मग पाण्याशी झगडत बसण्यात मला कधी अर्थ दिसला नाही. केळीच्या मळ्यातली विहीर असेल तर खतांमुळे नायट्रेट जास्त असू शकतं, एकदा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

जारचं पाणी बहुतेक आरओचं. त्यातले क्षार काढलेले असतात, त्यामुळे सामू धरून ठेवायची ताकदच त्यात उरत नाही. निव्वळ जारच्या पाण्यात टाकी लावली तर काही आठवड्यांत सामू घसरतो. तुमच्या गोल्डफिशला आणि मॉलीला त्याची काहीच गरज नाही, पैसे वाचवा. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणीही नको, त्यात उरलेले सगळे क्षार गोळा झालेले असतात.

आता तुमच्या टाकीकडे. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर जे जीवाणू वाढलेले असतात ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत ते नसतात. त्यांना बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तुम्ही पहिल्याच संध्याकाळी ४५ लिटरमध्ये सहा गोल्डफिश सोडले, जो मासा खातो भरपूर आणि घाणही भरपूर करतो. दुधाळपणा हा मोकळ्या पाण्यात एकदम वाढलेल्या दुसऱ्या जीवाणूंचा, तो आपोआप बसतो. त्याला घाबरून सगळं पाणी फेकून देणारे लोकच जास्त मासे मारतात.

यात आपल्या भागाची एक अडचण आहे. अमोनियाचा विषारी वाटा सामू आणि तापमान यांवर ठरतो. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की तोच ७-८ टक्क्यांवर जातो. आपलं पाणी जड, सामू बऱ्याचदा आठच्या अलीकडे-पलीकडे, आणि उन्हाळ्यात ३० अंश म्हणजे थंड म्हणायची पाळी. पुण्याच्या मऊ पाण्यात ज्याची चूक खपून जाते, त्याचीच इथे खपत नाही. धुळ्याचे एक गृहस्थ दर उन्हाळ्यात फोन करायचे, "भाऊ, मासा काबर मरी गयात?" त्यांच्या घरी जाऊन पाहिलं तर पाणी अगदी नितळ, क्लोरीन शून्य. पण दर रविवारी फिल्टरचा स्पंज वाहत्या नळाखाली पिळून पांढरा होईपर्यंत धुतला जात होता. नळाच्या क्लोरीनने दर आठवड्याला जीवाणूंची वसाहत साफ, आणि सोमवारपासून टाकी पुन्हा नवी. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस्स. मळकट दिसला तरी चालेल.

तुम्ही आजपासून असं करा. दोन दिवस खाणं बंद, मासा उपाशी मरत नाही. रोज पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, म्हणजे १२ ते १५ लिटर, हायपो टाकलेलं आणि टाकीच्याच तापमानाचं. अमोनियाचं टेस्ट किट आणा आणि आकडा खाली येईपर्यंत हे चालू ठेवा. नायट्राइट वाढलेलं दिसलं तर जाडं मीठ लिटरला १ ग्रॅम या हिशोबाने विरघळवून टाका. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. टाकीत झाडं असतील तर मिठाला हात आखडता घ्या. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा ओल्या पिशवीत आणून तुमच्या फिल्टरमध्ये टाका. याइतकं लवकर काम दुसऱ्या कशाने होत नाही, बाजारातल्या जीवाणूंच्या बाटल्यांनीही नाही. आणि उरलेल्या गोल्डफिशपैकी दोनच ठेवा, तेही मोठी टाकी घेईपर्यंत. बाकीचे दुकानदाराला परत द्या.

मे महिन्याचं वेगळं सांगायला हवं. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं. पाणी बदलायचं तर पहाटेच्या पाण्याने किंवा आदल्या रात्री घरात भरून ठेवलेल्या बादलीने. दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो: २० अंशांना लिटरमध्ये ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५. रात्री वीज गेली, पंप बंद पडला, तर पहाटे सगळे मासे एकदम वर येऊन तोंड काढतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. झाकण काढून पाण्यावर टेबल फॅन सोडला तरी दोन-तीन अंश उतरतात, फक्त बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरत राहावं लागतं.

राहिला भावाचा हौद. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि सामू दहाच्याही वर जातो, त्यात गप्पीसुद्धा टिकत नाहीत. हौद भरून तीन-चार दिवस ठेवायचा, रिकामा करायचा, घासायचा, असं तीन-चार वेळा. रावेरला असल्याचा फायदा घ्या: घड काढलेल्या केळीचं खोड फोडून त्याचे तुकडे भरलेल्या हौदात आठवडाभर सोडा, मत्स्यशेतीवाले नवा हौद असाच मुरवतात. खोड फवारणी केलेल्या बागेतलं नको. कुजलेलं पाणी पूर्ण काढून टाकायचं, कारण त्यात ऑक्सिजन उरलेला नसतो, मग हौद स्वच्छ धुवून ताजं पाणी भरायचं. बोअरचं असेल तर उंचावरून धार सोडून भरा, तेवढीच हवा मिसळते. सामूची पट्टी साडेआठच्या खाली दाखवायला लागली की आधी चार-पाचच गप्पी सोडा. गप्पी बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, डासांसाठी म्हणून ते पाळलेलेच असतात. ते आठवडाभर हिंडले-फिरले की बाकीचे आणा.